विणकरांच्या घरातला सरदार

अंगठा जिभेला लावल्याशिवाय या माणसाने आयुष्यात एकही कागद उलटला नसेल. जीभ बाहेर काढायची, तीही थोडीथोडकी नाही, चांगली बोटभर. तिच्यावर अंगठा सावकाश फिरवायचा आणि मग पान उलटायचं. हे मी सांगते आहे ते दोन हजार वीस सालच्या जुलैमधलं. सगळी दुनिया दारं कोपराने उघडत होती, भाज्या साबणाने धूत होती, आणि हा गृहस्थ चाटलेलं पान माझ्या हातात देऊन म्हणायचा, "हे जरा टाइप कर बघू."

शी! आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. माझा नवरा ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात डॉक्टर. घरी आला की दारातच कपडे उतरवून तडक न्हाणीघरात जायचा. आणि मी इकडे दिवसभर एका म्हाताऱ्याच्या थुंकीत हात घालून बसलेली. हात धुऊन धुऊन माझ्या बोटांची सालं निघाली होती. म्हाताऱ्याला त्याचं हसू यायचं.

धंदा काय होता सांगते. डब्लिनच्या एका गल्लीत त्याचं दुकान होतं आणि तिथे तो आडनावं विकायचा. हो, आडनावंच. तुम्ही आयर्लंडला जाऊन आला असाल तर अशी दुकानं पाहिली असतील. अमेरिकेतून बसगाड्या भरून माणसं येतात, आपलं आडनाव सांगतात, आणि जाताना त्या आडनावाची ढाल, कपबशी, किल्ल्यांची साखळी आणि पिवळट कागदावर छापलेला 'घराण्याचा इतिहास' घेऊन जातात. कागद जुना दिसावा म्हणून हा तो चहात बुडवायचा. ज्या किटलीतला चहा मला प्यायला द्यायचा, त्याच किटलीतल्या.

साथ आली आणि बसगाड्या थांबल्या. मग त्याच्या डोक्यात आलं की दुकान इंटरनेटवर टाकावं आणि फ्रेंच आडनावांचं नवं खातं उघडावं. कॅनडात फ्रेंच आडनावांची लाखो माणसं आहेत, ती घरात बसून कंटाळली आहेत, असा त्याचा हिशेब. त्याला मदतनीस हवा होता. मी नाशिकला कॉलेजात इतिहास शिकवत होते, मोडी वाचत होते. इथे येऊन अडीच वर्षं झाली होती आणि मोडीला इथे कोण विचारतो? त्याने मला एकच प्रश्न विचारला, "जुन्या कागदांची भीती वाटत नाही ना?" नाही म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून कामावर.

पहिल्याच आठवड्यात मी तीन फ्रेंच आडनावांचे इतिहास टाइप केले. तिसऱ्याला हात थांबला. तिन्ही घराण्यांत एक सरदार होता. तिघांचा घोडा पांढरा. तिघेही एकाच लढाईत डाव्या पायाला भाला लागून पडले आणि तिघांनाही राजाने स्वतः उचलून घोड्यावर बसवलं. राजाला त्या दिवशी दुसरं काही काम नव्हतं की काय?

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"खोटं कसं?" अंगठा जिभेवर. "प्रत्येक घरात एक तरी सरदार असतोच. नीट बघितलं की सापडतो."

"पण तुम्ही बघितलं कुठे?"

"त्यांना आनंद होतो," तो म्हणाला. "कुणाचं काय जातंय?"

हे त्याचं पालुपद. कुणाचं काय जातंय! दिवसातून वीसदा. सार्डिन माशांचा डबा उघडून तेल बोटाने पुसून खाताना, त्याच बोटांनी पाकिटं बंद करताना, फोनवर एखाद्या बाईला तिचा पूर्वज राजाच्या पंगतीला बसायचा असं सांगताना. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तसला हा धंदा. फरक एवढाच की सोनूबाई निदान स्वतःच्या हातात वाळा घालते. हा दुसऱ्यांच्या हातात घालत होता.

मला एवढा राग का यायचा, ते सांगायला हवं. आमचं घराणं नाशिकच्या क्षेत्रोपाध्यांचं. माणसं आपल्या माणसाच्या अस्थी घेऊन गोदावरीवर येतात, तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि मग आतून लाल फडक्यात बांधलेली नामावळी काढतात. तुमचा पणजोबा कधी आला होता, बरोबर कोण होतं, त्याने स्वतःच्या हाताने काय लिहिलं, ते तुम्हाला वाचून दाखवतात. मोठमोठी माणसं त्या अक्षरावरून बोट फिरवताना रडलेली मी पाहिली आहेत. आणि नाव सापडलं नाही तर अण्णा वही मिटतात आणि म्हणतात, "आमच्याकडे नाही." बस. एकदा एक बडी असामी वाट्टेल ते द्यायला तयार होती, माझ्या आजोबांचं नाव यात घाला म्हणाली. अण्णांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

अशा घरातली मुलगी मी, आणि डब्लिनमध्ये बसून पांढऱ्या घोड्यांची निर्यात करत होते. नवरा म्हणायचा, "नाकाने कांदे सोलू नकोस, जगात याहून वाईट नोकऱ्या आहेत." असतील.

आमच्यात मोठ्या माणसाला अहो-जाहो करायची रीत आहे. इंग्रजीत ती सोय नाही, म्हणून तोंडावर मी त्याला 'सर' म्हणायची. मनात मात्र पहिल्या दिवसापासून त्याला अरे-तुरेच केलं, आणि आत्ताही तेच चाललंय, ते तुमच्या लक्षात आलं असेल. नाताळात त्याने माझ्या सासरच्या आडनावाची एक ढाल रंगवून आणली. तिच्यावर हत्ती, वाघ, कमळ आणि एक तलवार, म्हणजे भारताबद्दल त्याला जेवढं माहीत होतं तेवढं सगळं. "तुमच्यातही सरदार असणार," तो म्हणाला. मी ती ढाल कचऱ्यात टाकणार होते. माझी मुलगी म्हणाली, "मॉम, इट्स डेडली!" आणि तिने ती आपल्या खोलीत टांगली. डेडली म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत फारच छान. मी कपाळावर हात मारला.

जानेवारीत पुन्हा सगळं बंद झालं. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी. दुकानाचं शटर खाली, पण मागच्या खोलीत टपालाची कामं चालू. मी सायकलवरून जायची. अशाच एका दिवशी ते पत्र आलं. इंटरनेटवरून नाही, खरंखुरं पत्र, शाळेतल्या मुलीसारख्या गोल अक्षरात.

लिहिणारी बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. तान्ही असताना कुणीतरी तिला एका कॉन्व्हेंटच्या दारात ठेवून गेलं. नन्सच्या अनाथाश्रमात वाढली, मग आयुष्यभर एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं. लग्न नाही, मूलबाळ नाही. कागदोपत्री तिचं आडनाव तिसराँ. लोक टिसरंड म्हणतात. 'हे नाव मी टेलिफोनच्या पुस्तकात कधी पाहिलं नाही,' तिने लिहिलं होतं, 'म्हणजे ते माझ्या खऱ्या माणसांचंच असणार. ती कुठून आली आणि त्यांना कुठे पुरलं आहे, एवढं शोधून द्या. मला त्यांच्याजवळ जागा घ्यायची आहे. परक्यांच्यात पडून राहायची मला भीती वाटते.'

म्हाताऱ्याने पत्र वाचलं आणि सवयीने छापील कागदाच्या गठ्ठ्याकडे हात नेला. मी पत्र हिसकावून घेतलं. "हे मी करणार," मी म्हटलं. "नीट करणार. घोडा नाही."

तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. तिसराँ म्हणजे विणकर. आपल्याकडे साळी, कोष्टी, तसंच. फ्रान्सच्या पश्चिमेकडल्या गावांतून ही माणसं माग चालवायची. सतराव्या शतकाच्या शेवटी तिथल्या राजाने प्रॉटेस्टंट लोकांचा उपासनेचा हक्क काढून घेतला. हजारो घरं रातोरात ओस पडली. काही तिसराँ हॉलंडला गेले, काही इंग्लंडला, एक फांदी डब्लिनला आली. इथल्या विणकरांच्या गल्ल्यांत त्यांनी रेशीम आणि लोकर मिळून पॉपलीन विणलं. पॉपलीन म्हटलं की आपल्याला परकर आठवतो, पण त्या काळी राण्या ते नेसायच्या. फ्रेंच चर्चच्या दफ्तरात मला त्यांची नावं सापडली. दोन पिढ्यांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं. मग एक शेवटची मुलगी. तिचं लग्न झालं आणि आडनाव संपलं. त्यानंतर दोनशे वर्षं या देशात तिसराँ नावाचं चिटपाखरू नाही.

मग या बाईला ते नाव आलं कुठून? मी त्या कॉन्व्हेंटला फोन लावला. तिथली जुनी कागदपत्रं सांभाळणारी एक वृद्ध सिस्टर होती. फार चांगली बाई. चार दिवसांनी तिचा उलट फोन आला. त्या काळी तान्ह्या मुलांच्या खोलीची व्यवस्था एका फ्रेंच सिस्टरकडे होती. दारात सापडलेल्या मुलांची नावं तीच ठेवायची, बहुतेक संतांची नावं. आणि नन होण्याआधी त्या सिस्टरचं स्वतःचं आडनाव होतं तिसराँ. एवढ्या मुलांत तिने ते एकाच मुलीला दिलं. का, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. पुढे ती फ्रान्सला परत गेली आणि तिथेच वारली.

फोन ठेवला आणि मी रडले. माझ्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं. माहेरचं आडनाव गेलं, आईने ठेवलेलं नावही गेलं. तेव्हा सगळे हसत होते, मीही हसत होते. पण ते जुनं नाव कुठे ठेवायचं, हे मला कुणी सांगितलं नाही. त्या सिस्टरने आपलं ठेवायला एक जागा शोधली होती.

मी पत्र लिहिलं. पाच पानं. विणकर, राजा, पॉपलीन, सिस्टर, सगळं. शेवटी लिहिलं की तुमचं नाव प्रेमाने दिलेलं आहे, पण ते रक्ताचं नाही, त्यामुळे तुमच्या माणसांना कुठे पुरलं आहे ते सापडत नाही. अण्णांनी असंच लिहिलं असतं.

म्हाताऱ्याने पाचही पानं वाचली. पाचदा अंगठा चाटला. चौथ्या पानाशी तो बराच वेळ थांबला.

"सुंदर आहे," तो म्हणाला. "पण पाठवता येणार नाही."

"का?"

"तिने काय विचारलंय ते वाचलंस ना? ती खरं काय ते विचारत नाही. ती विचारते आहे, मी कुणाजवळ झोपू. आणि तू पाच पानं लिहून तिला सांगतेस, कुणाजवळच नाही."

"मग काय, तिला पांढरा घोडा पाठवायचा?"

"कुणाचं काय जातंय?"

त्याने माझी पानं टेबलाच्या खणात घातली आणि खण लावून टाकला. माझ्या डोळ्यांदेखत. दुसऱ्या दिवशी चहात बुडवलेला एक कागद दोरीवर वाळत होता. तिसराँ घराणं, सरदार, लढाई, डावा पाय. खाली एक नवीन ओळ घातलेली: या घराण्यातली एक मुलगी डब्लिनच्या अमुक कुटुंबात दिली. ते कुटुंब त्याचं स्वतःचं. म्हणजे आता त्या गरीब बाईला हा स्वतःच्या वंशवेलीला चिकटवणार होता! एका अनाथ म्हातारीला फसवायचं, आणि वर स्वतःचं नाव चमकवायचं. त्या क्षणी मला त्या माणसाची जेवढी शिसारी आली तेवढी आयुष्यात कुणाची आली नसेल.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. अर्धं मराठीत बोलले. लाज नाही वाटत, असं विचारलं. तुमच्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही, म्हटलं. तो माझा कोट खुंटीवरून काढून हातात देत म्हणाला, "चहा तरी घेऊन जा." त्या किटलीतला चहा! मी दार आपटलं. मी बाईला स्वतःच लिहिणार होते, पण तिचा पत्ता त्याच्याकडे राहिला, आणि तो मागायला जायचा मला कमीपणा वाटला. हे माझं चुकलं की बरं झालं, ते मला अजून ठरवता येत नाही.

ऑगस्टमध्ये त्याच्या भाचीचा फोन आला. तो गेला होता. झोपेतच, हृदय बंद पडून. मी दुकानात होते, कागदपत्रं मला माहीत होती, म्हणून तिने माझा नंबर शोधला होता. दफनाला या, म्हणाली. मी जाणार नव्हते. गेले.

डब्लिनच्या उत्तरेकडलं जुनं कब्रस्तान. मोजकी माणसं, मास्क लावलेली. वारा सुटला होता. धर्मगुरूचं बोलणं झालं, पेटी खाली सोडली, आणि माणसं दोघातिघांनी पांगायला लागली. एक बाई मात्र चाकांच्या वॉकरला धरून एका बाजूला एकटीच उभी होती. ठेंगणी, लाल गालांची, चांगला निळा कोट घातलेली. कोटावर एक पिन होती. मी ती शेकड्यांनी पाकिटात भरली होती. ढाल, घोडा, भाला.

भाचीने मला बाजूला घेतलं. पन्नाशीची, शिक्षिका, तडफदार बाई.

"त्या टिसरंड बाईंना ओळखता?"

"नावाने ओळखते."

"मे महिन्यात बंदी उठल्यापासून मामा दर रविवारी त्यांच्याकडे जायचा. केक घेऊन. मला म्हणायचा, माझ्या आजीकडची बहीण आहे, फार वर्षांनी सापडली." तिने कबरीकडे पाहिलं. "ही कबर आमच्या घराची आहे. खाली आजोबा-आजी, वर मामा. अजून एकाची जागा आहे, आणि ती त्यांना द्यायची असं मामाने लिहून ठेवलंय."

इथे माणसं एकाच खड्ड्यात एकावर एक ठेवतात, हे मला तेव्हा कळलं. ऐकूनच कसंतरी झालं. मग ती काय म्हणाली ते डोक्यात शिरलं. वर मामा. त्याच्यावर ती.

"ती जागा आता माझ्या हातात आहे," भाची म्हणाली. "घरातलं माणूस असेल तर माझी काही हरकत नाही. पण मामाला मी ओळखते हो. जन्मभर लोकांना सरदार विकले त्याने. उपऱ्या माणसाला मी माझ्या आजीच्या कबरीत घालू देणार नाही. तुम्ही खऱ्या कागदांचं काम करायचात, असं तोच सांगायचा. म्हणायचा, ती मुलगी खोटं बोलत नाही. तर मला सांगा. ती बाई खरंच आमची आहे का?"

तिकडे ती बाई आमच्याकडेच बघत होती. ऐकू येत नसणार, पण आपल्याबद्दल चाललंय हे माणसाला कळतं. तिने वॉकर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

म्हाताऱ्याचा मला असा संताप आला म्हणून सांगू! स्वतः मरून मोकळा झाला, आणि खोटं बोलायचं ते एक वाक्य माझ्या तोंडी ठेवून गेला.

"हो," मी म्हटलं. "मी कागद पाहिलेत."

"कुठले?"

मग मी सांगत सुटले. फ्रान्सच्या पश्चिमेकडली गावं, माग, राजा, पळालेली घरं, डब्लिनच्या गल्ल्या, पॉपलीन, फ्रेंच चर्चचं दफ्तर, शेवटची मुलगी. सगळं खरं. त्या शेवटच्या मुलीचं लग्न मात्र मी हिच्या घरात लावून दिलं, आणि आडनाव तिथेच संपलं हे गाळलं. एक गाठ, तेवढीच माझी. अण्णा नाशिकला नदीकाठी वही उघडून बसले असतील, हे डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"म्हणजे सरदार नव्हते," भाची म्हणाली.

"छे. विणकर होते."

तिचा चेहरा सैल झाला. विणकरांवर तिचा विश्वास बसला. ती त्या बाईकडे गेली, तिच्या दंडाला धरलं आणि वॉकरसकट हळूहळू कबरीच्या काठाशी घेऊन आली. हात करून काहीतरी दाखवलं. बाईने कोटाची वरची गुंडी लावली, वाकली, आणि भाड्याची खोली बघायला आलेल्या माणसासारखी आत बराच वेळ बघत राहिली.

"ग्रँड," ती म्हणाली. "ग्रँड आहे अगदी."

आणि मग भाचीला विचारलं, "माझ्या वर तर कुणी येणार नाही ना?"

"नाही," भाची म्हणाली. "तुम्हीच शेवटच्या."